वन पॉकेट: समोर बँक दिसत असताना सेफ का खेळायचं?

क्यूवाला_कर्वेनगर
टिळक रोडजवळच्या एका पार्लरमध्ये आमचा चौघांचा ग्रुप रविवारी नऊ फुटी टेबलावर वन पॉकेट खेळतो. ज्यांनी खेळलं नसेल त्यांच्यासाठी: हा पूलचा एक प्रकार. सुरुवातीला बॉल मांडतात त्या, म्हणजे रॅकच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांतलं एक पॉकेट माझं, दुसरं समोरच्याचं. पंधरापैकी आठ बॉल आपल्या पॉकेटात आधी घालेल तो जिंकला.

परवाची पोझिशन. स्कोअर सहा-सहा, टेबलावर तीन बॉल. दोन त्याच्या पॉकेटच्या तोंडापासून हातभर अंतरात: एक खालच्या, म्हणजे रॅककडच्या, आडव्या कुशनजवळ (कुशन म्हणजे टेबलाची रबरी कड), दुसरा त्याच्या थोडा वर. तिसरा त्याच्या बाजूच्या लांब कुशनपासून वीतभर आत. हा तिसरा कुशनवर मारून, म्हणजे बँक करून, माझ्या पॉकेटात येतो, सरावात निम्म्या वेळा बसतो. पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, टेबलाच्या मध्यावर. मागे उभे असलेले सगळे म्हणत होते, "मार ना, रडीचा डाव कशाला!" तुम्ही काय खेळला असता?

सदाशिवपेठ_नाइनफूट
सेफ, म्हणजे बॉल घालायच्या मागे न लागता समोरच्याला सोपा शॉट न ठेवणं. मला त्यात जराही शंका नाही.

'निम्म्या वेळा बसतो' हे अर्धंच गणित झालं. बसला तर काय मिळतं ते बघा. तुमचे सात होतात, गेम संपत नाही. उरलेले दोन्ही बॉल त्याच्याच दारात आहेत, त्यामुळे पुढचा शॉट पुन्हा अवघड. चुकला तर? त्याला दोनच हवेत आणि दोन्ही समोर पडलेत, म्हणजे गेम गेला. एका बाजूला एक बॉल, दुसऱ्या बाजूला अख्खा गेम. या स्कोअरला तो बँक दहात सात वेळा बसत असता तरी मी थांबलो असतो.

आता सेफ म्हणजे नेमकं काय, कारण लोक नुसतं हळू मारतात आणि त्याला सेफ म्हणतात. खालच्या कुशनजवळचा बॉल त्याच्या पॉकेटच्या बाजूने पातळ लावा, म्हणजे पांढरा त्याच्या कडेला जेमतेम घासू द्या, की तो बॉल आडव्या कुशनच्या कडेकडेने तुमच्या बाजूला सरकेल. वेग इतकाच की पॉकेटपर्यंत पोहोचला तर पडावा, नाही तर तोंडाशी थांबावा. पांढरा मागे खालच्या कुशनला चिकटून राहू द्या. त्याच्या पॉकेटजवळचा उरलेला बॉल आता पांढऱ्याच्या वरच्या बाजूला आहे, तो सरळ खाली मारता येत नाही. त्याला वरून बँक करावा लागेल, आणि तुमच्या तोंडाशी एक बॉल टांगलेला असताना ते धाडस कुणी सहज करत नाही. भीती एकच, पांढरा त्याच्या पॉकेटात जाण्याची. म्हणून हा पातळ शॉट एकट्याने टेबल घेऊन घासून घासून बसवा. बँकपेक्षा याचा सराव जास्त व्हायला हवा असं मी आमच्याकडच्या प्रत्येक पोराला सांगतो.

आणि मागे उभं राहून 'मार' म्हणणाऱ्यांना टेबलाचं भाडं भरायचं नसतं.

लालबॉल_डेक्कन
मी स्नूकरवाला. आमच्याकडे सेफ म्हणजे पांढरा बॉक लाइनच्या (टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाकडची आडवी रेषा) मागे, शक्यतो कुशनला. इथेही पांढरा लांब वर पाठवून दिला तर भागत नाही का?

सदाशिवपेठ_नाइनफूट
नाही, स्नूकरमधून आलेल्यांचं इथेच चुकतं. पूल टेबलाची पॉकेटं मोठी, लांबी कमी. पांढरा वरच्या टोकाला ठेवलात आणि बॉल त्याच्या पॉकेटच्या तोंडाशी असेल, तर चांगला खेळाडू तो डोळे झाकून घालेल. इथे अंतरापेक्षा बाजू महत्त्वाची. पांढरा त्याच्या पॉकेटच्या बाजूला लांब कुशनलगत आणि बॉल पलीकडे, म्हणजे त्याला सरळ शॉटच नाही. ब्रेक, म्हणजे गेमचा पहिला शॉटसुद्धा याच हिशेबाने करतात: रॅक हळूच उघडून बॉल आपल्या बाजूला आणि पांढरा त्याच्या कुशनला. फिलिपिन्सचा पूल खेळाडू एफ्रेन रेयेसचे दोन-तीन कुशनवरून फिरवलेले शॉट आपण पुन्हा पुन्हा बघतो. एकदा त्याची पूर्ण वन पॉकेट मॅच बघा, त्या शॉट्सच्या मध्ये किती वेळ तो नुसते बॉल सरकवत बसतो ते दिसेल.

क्यूवाला_कर्वेनगर
पटलं. पण पांढरा असा अडकलेला असेल की चांगला सेफही दिसत नाही, तर? आमच्यातला एक जण तेव्हा मुद्दाम फाउल करतो. बाकीचे चिडतात.

सदाशिवपेठ_नाइनफूट
चिडायचं कारण नाही, नियमात बसतं. फाउलला तुमचा एक बॉल परत टेबलावर येतो, एवढीच किंमत. चार बॉल उघडे देण्यापेक्षा एक देणं स्वस्त. मात्र दोन गोष्टी सांभाळा. पांढरा पॉकेटात घालून फाउल करू नका. परत आलेला बॉल फूट स्पॉटवर (रॅकच्या बाजूच्या ठरलेल्या खुणेवर) लागतो आणि समोरच्याला वरच्या रेषेमागे पांढरा हातात मिळतो, म्हणजे तिथे हवा तिथे ठेवता येतो, तिथून स्पॉटचा बॉल कोपऱ्यात घालणं हा त्याच्या सरावाचाच शॉट. त्याऐवजी पांढऱ्याला क्यूच्या टोकाने जेमतेम स्पर्श करून आहे तिथेच ठेवा, ती अडचण समोरच्याकडे सोपवा. दुसरं, लागोपाठ तीन फाउल झाले की गेम जातो. त्यामुळे हे दोनदा करून झालं असेल तर तिसऱ्या वेळी काहीतरी खरंखुरं खेळावंच लागेल, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं.

लालबॉल_डेक्कन
त्याला एकच बॉल हवा असेल तेव्हा?

सदाशिवपेठ_नाइनफूट
तेव्हा त्याच्या पॉकेटच्या आसपास एकही बॉल ठेवू नका. सगळे वरच्या टोकाला न्या, तुमच्या कामाचे असले तरी. गेम लांबतो, तासाचं भाडं वाढतं, पण तुम्ही टेबलावर राहता. रविवारी दुपारी मी तिथेच असतो, ती पातळ शॉटची पोझिशन मांडून दाखवेन.