मील किट : तुमचे अनुभव सांगा (चांगले, वाईट, फसलेले सगळे)

चिंचवडकरीण
दिवाळीची आवराआवर काढली होती. ओट्याखालच्या ड्रॉवरच्या तळाशी एक गठ्ठा सापडला. मील किटच्या खोक्यात येतात ती जाड, चकचकीत रेसिपीची कार्डं. (मील किट म्हणजे रेसिपी आणि तिला लागेल तेवढंच मोजून दिलेलं कच्चं सामान, बंद करेपर्यंत दर आठवड्याला घरपोच. स्वयंपाक आपणच करायचा.) मोजली, अठ्ठावीस निघाली. एकावर हळदीच्या बोटाचा ठसा आणि समासात पेन्सिलीने बाबांचं अक्षर : "कांदा आधी, ब्रेड नंतर. क्रम चुकीचा छापला आहे." झालं, आवराआवर तिथेच थांबली.

२०२० ची गोष्ट. आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. बहिणीचं बाळंतपण म्हणून आई फेब्रुवारीत चिंचवडला परत गेली, बाबा एप्रिलमध्ये जाणार होते. मार्चमध्ये उड्डाणं बंद झाली आणि बाबा अडकले. घरात दोन वर्षांचा लेक, आम्ही दोघं दिवसभर मीटिंगमध्ये, किराण्याची डिलिव्हरी मिळता मिळत नव्हती. नवऱ्याने वैतागून मील किट लावलं. दोघांची तीन जेवणं, आठवड्याला साठेक डॉलर. म्हणजे महागच.

बाबांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नव्हता. पण तीस वर्षं कारखान्याच्या टूल रूममध्ये ड्रॉइंग वाचलेली. पहिलं खोकं आलं तेव्हा चष्मा लावून त्यांनी ते टेबलावर उघडलं, कार्डावरच्या यादीप्रमाणे एकेक वस्तू रांगेत मांडली आणि मला हाक मारली, "अगं, एक लिंबू शॉर्ट आहे." त्या दिवसापासून आठवड्यातली तीन जेवणं त्यांची. कार्डावर तीस मिनिटं लिहिलेलं असायचं, त्यांना सव्वा तास लागायचा, कारण गाजराचे तुकडे अर्ध्या इंचाचे म्हणजे अर्ध्याच इंचाचे. मोजायचे हो! लेकाची पट्टी घेऊन.

आई व्हिडिओवर बघायची आणि काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "मला बत्तीस वर्षांत असं खोकं कुणी दिलं नाही."

तर मला विचारायचंय, तुम्ही कुणी वापरलंय का? चालू ठेवलं का? का बंद केलं? माझी मैत्रीण सध्या लावू की नको करतेय, तिला हा धागा पाठवणार आहे.

ओवा
आईंच्या त्या खोक्याच्या वाक्याला थांबले. आईंना नमस्कार सांग.

एकटा_जीव
लंडन. आठ महिने वापरलं. एकट्याला खरं तर परवडायला पाहिजे, पण सगळीकडे कमीत कमी दोघांचं. म्हणजे तेच पास्ताचं ताट आज रात्री आणि उद्या दुपारी. फायदा एकच, भाजी सडत नाही. आधी कोथिंबिरीची जुडी आणायचो, दोन काड्या वापरायचो, बाकीचीचं फ्रिजमध्ये हिरवं पाणी व्हायचं. किटमध्ये कोथिंबीर यायची ती औषधाच्या पुडीएवढी. पहिल्यांदा मला वाटलं नमुना पाठवलाय.

कढीपत्ता
नमुना 😂😂

मंडईसमोर
मला कळत नाही यात नवीन काय आहे. आमच्या मंडईत बायका सोललेला लसूण, निवडलेली मेथी, चिरलेलं सुरण, मोड आलेली मटकी घेऊन कधीच्या बसतायत. पावभाजीच्या भाज्या एकत्र कापून पिशवीत. किटच की ते. फक्त चकचकीत कार्ड नाही, पण विचारलं तर रेसिपी तोंडी मिळते, वर "नवीन लग्न झालंय का" हा प्रश्न फुकट.

डाळिंबी
@मंडईसमोर सोललेले वाल मिळतात का तुमच्याकडे? कुठल्या बाजूला? मी दर वेळी रात्री भिजत घालते, फडक्यात मोड आणते आणि मग पावशेर सोलता सोलता संध्याकाळ जाते. नखं काळी होतात ती वेगळी.

मंडईसमोर
मिळतात, पण सकाळी लवकर या. अकरानंतर उरत नाहीत.

बर्लिनवासी
बंद कसं करायचं ते लावण्याआधी बघा!! भारतात तीन आठवडे गेलो. एक आठवडा स्किप केला होता, मला वाटलं पुढचेही झाले. नाही. प्रत्येक आठवडा वेगळा स्किप करावा लागतो आणि तोही डिलिव्हरीच्या पाचेक दिवस आधी. परत आलो तर जिन्यात दोन खोकी. ऑगस्ट होता. एकात कोळंबी होती. पुढचं लिहीत नाही, कुणी जेवत असेल. शेजारच्या आजींनी वरून फिनाईल ओतलं होतं म्हणजे बघा. कंपनीचं नाव घेत नाही, नियम त्यांच्या कागदावर लिहिलेला होताच, मी वाचला नव्हता. पैसे गेलेच, त्या आजी अजून माझ्याकडे बघून नाकावर हात ठेवतात.

लिमलेट
मेलबर्न, स्टुडंट. आम्ही चार रूममेट. पहिल्या खोक्यावर मोठी सूट असते ना, ती संपली की दुसऱ्याच्या ईमेलवरून दुसरी कंपनी. मग तिसऱ्याच्या. अख्खं सेमिस्टर जवळजवळ अर्ध्या किमतीत जेवलो. आता कुठलीच कंपनी आम्हाला ओळख देत नाही.

ओवा
@लिमलेट शाब्बास रे. आईवडिलांनी यासाठीच पाठवलं होतं.

हिरवा_माठ
मला कचऱ्याबद्दल लिहायचंय. आलं इवल्याशा पिशवीत, सोया सॉस चमचाभर पाकिटात, व्हिनेगरची बाहुलीच्या खेळातली बाटली. अपराधी वाटून बंदच करणार होते. मग मिशिगन विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास वाचला. त्यांनी पाच जेवणं घेतली, किटमधून आणि दुकानातून सामान आणून, अशी दोन्ही तऱ्हेने. दुकानवाल्या जेवणांचं कार्बन उत्सर्जन सरासरी एक तृतीयांशाने जास्त निघालं. प्लास्टिक किटमध्येच जास्त, ते कबूल. पण फुकट जाणारं अन्न कमी, आणि दुकानातही माल पडून सडतो तो भार वाचतो. मी उलटंच धरून बसले होते.

मंडईसमोर
त्यांनी अमेरिकन घर धरलं असणार. माझ्या सासूबाई धरल्या असत्या तर निकाल फिरला असता. आमच्याकडे फ्लॉवरचे दांडे पिठल्यात, दुधी भोपळ्याची सालं चटणीत आणि कोथिंबिरीच्या काड्या मसाल्यात. फुकट जायला काही उरतच नाही, आमचा वेळ सोडून.

कढीपत्ता
"आमचा वेळ सोडून" 👏

हिरवा_माठ
@मंडईसमोर पटलं. तुलना कुणाशी करतो त्यावर आहे सगळं.

निशाचर
जेल पॅक!! खोक्यातलं सामान गार ठेवायला येतात ते. कुणी बोललंच नाही. फ्रीझरमध्ये अकरा झाले, तेव्हा आमच्या ह्यांनी कात्रीने कापून एक सिंकमध्ये ओतला. आत बाळाच्या डायपरमध्ये असते तीच पावडर पाणी पिऊन फुगलेली. पाईपात जाऊन बसली. प्लंबरने जे घेतलं त्यात महिनाभर किट आलं असतं. पॅकवर काय लिहिलंय ते बघून मगच टाका, काही सिंकमध्ये चालतात, बरेचसे चालत नाहीत. बाकी मुलगा पडला की गुडघ्याला लावायला उत्तम. दोन ठेवलेत.

जुनी_मेस
धागा वाचून सदाशिव पेठेतले दिवस आठवले. डबा यायचा, अॅल्युमिनियमचा, चार पुडाचा. आमटी नेहमी खालून गळायची आणि पोळीच्या पुडापर्यंत पोचायची. रविवारी सकाळी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. ती रविवारची संध्याकाळ कुणी विसरलंय का? वडापाव, नाहीतर कुणाच्या तरी नातेवाइकाचा पत्ता शोधत अवेळी भेट द्यायची, "सहज आलो होतो काकू".

बर्लिनवासी
सहज 😂 काकूंना कळायचंच. कुकर आधीच लागलेला असायचा.

जुनी_मेस
हो ना. विषय सोडून लिहिलं, माफी.

स्टॉकहोमची_थंडी
इथे याला मातकासे म्हणतात. मात म्हणजे अन्न, कासे म्हणजे पिशवी. ही कल्पना इथलीच. २००७ मध्ये मिद्दाग्सफ्रिड नावाने सुरू झालं. अर्थ साधारण "रात्रीच्या जेवणाची शांतता". आणि तेच विकतात ते, माझ्या मते. स्वयंपाक तुम्हीच करता, भांडी तुम्हीच घासता. "आज काय करू" हा प्रश्न तेवढा दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. मला त्यासाठी पैसे द्यायला काही वाटत नाही. आमच्याकडे तो प्रश्न मी नवऱ्याला विचारला की उत्तर "काहीही कर" असं येतं. काहीही नावाची भाजी मला येत नाही.

डाळिंबी
"साधंसं काहीतरी कर" हे त्याहून वाईट. साधंसं म्हणजे वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर आणि तोंडी लावायला काहीतरी.

ओवा
मी तीन वेळा लावून तीन वेळा बंद केलं. आम्ही शाकाहारी, त्यात चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. शाकाहारी म्हणून येतं काय, तर रताळं. रताळ्याचा टाको, रताळ्याची करी, भाजलेलं रताळं. एकादशी असल्यासारखं महिनाभर. आणि "स्पायसी" लिहिलेलं असतं तिथे मिरची काढून ठेवलेली असली तरी कळणार नाही. शेवटी काय व्हायचं, किटचं करायचं आणि वर फोडणी द्यायची. मग किट कशाला?

अजून एक तोटा. अचानक पाहुणे आले तर दोघांचं चौघांना पुरत नाही. आमटीत पाणी घालता येतं, त्या सॉसमध्ये काय घालणार?

चिंचवडकरीण
@ओवा बाबांनी यावर तोडगा काढला होता. कुसकुस (रव्याचे बारीक दाणे) आलं की त्याला मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. मग तो उपमा. उपम्यात पाणी घालता येतं.

ओवा
बाबा भारी आहेत. रेसिपी टाक.

पंचाहत्तरी
मी मुंबईत एकटी असते. मनगट मोडलं होतं, प्लॅस्टरमध्ये दीड महिना. मुलाने हौसेने किट मागवलं. सगळं मापात, छान, पण कांदा अख्खा, भोपळी मिरची अखंड आणि डबीचं झाकण घट्ट. ज्याला चिरताच येत नाही त्याला मापाचा काय उपयोग? मग ॲपवरून चिरलेली फरसबी, गाजर मागवायला लागले. धुवून घ्यावी लागते आणि दुसऱ्या दिवशी तिला वास येतो, पण एका हाताने कुकरला लावता येते. खिचडीवर दीड महिना काढला. तेव्हा आधी हे बघा की तुम्हाला अडचण कशाची आहे, विचार करायची, बाजारात जायची की चिरायची. किट पहिल्या दोन भागवतं. तिसरी तशीच राहते.

झाकण उघडायला वॉचमनला बोलवावं लागलं हे मुलाला सांगितलेलं नाही.

निशाचर
काकू, आता हात कसा आहे?

पंचाहत्तरी
बरा आहे गं. पुरणपोळी सोडून सगळं करते. पुरण वाटायला अजून जोर लागत नाही.

लेकाची_आई
किट लावलं नाही, पण बनवते. मुलगा जर्मनीत मास्टर्स करतोय. जाताना मी बेसनात तिखट, मीठ, हळद, जिरं घालून पाकिटं केली. वर चिठ्ठी : "पिठलं. एक पाकीट, दोन वाट्या पाणी. आधी तेलात कांदा." दहा पिठल्याची, आठ भाजणीची, उपम्याचा रवा भाजून. पहिल्याच आठवड्यात रात्री दीडला फोन. "आई, तू लिहिलंयस हिंग फुलू दे. फुलतं म्हणजे काय होतं?" कसं सांगायचं फोनवर? मी म्हटलं वास येईल. तो म्हणाला वास तर मघापासून येतोय, शेजारचा मुलगा दार वाजवून गेला.

एकटा_जीव
@लेकाची_आई तुम्ही बाहेर पाठवता का? पिठल्याची पाकिटं? पैसे देईन.

लिमलेट
मलापण. चार जणांचं. पहिल्या ऑर्डरवर सूट?

लेकाची_आई
दिवाळीचा फराळ उरकू दे बाबांनो. आत्ता चकलीचं पीठ मळायला घेतलंय, एका हाताने टाइप करतेय.

डाळिंबी
चकली तुटते का तुमची? माझी सोऱ्यातूनच तुकडे पडत येतेय. मोहन कमी झालं की भाजणी?

लेकाची_आई
पाण्याचा हात लावून परत मळ. मोहन आता वाढवू नकोस, तेलात हसेल, म्हणजे विरघळेल.

कढीपत्ता
धागा मील किटवरून चकलीवर. अपेक्षितच होतं.

चिंचवडकरीण
सगळ्यांना धन्यवाद. मैत्रिणीने वाचलं. ती म्हणते लावते एक महिना, कॅलेंडरवर स्किपच्या तारखा टाकल्यात, जेल पॅक सिंकमध्ये घालणार नाही.

आमचं किट बाबा भारतात परत गेले त्याच आठवड्यात बंद झालं. जुलैमध्ये त्यांना वंदे भारतची, म्हणजे अडकलेल्यांना परत नेणाऱ्या सरकारी विमानाची, सीट मिळाली. मी एकटीने एकदा करून बघितलं, चव बरी होती, पण साठ डॉलर डोळ्यांवर आले.

चिंचवडला बाबा अजून आठवड्यातून दोनदा स्वयंपाक करतात. आईची तक्रार वेगळी. भाजीला बसण्याआधी ते कांदा एका वाटीत, मिरची दुसऱ्या, जिरं तिसऱ्या, मीठसुद्धा वाटीत, असं सगळं रांगेत मांडतात. एका बटाट्याच्या भाजीला अकरा वाट्या. घासायला आई.

आणि बाबांना आत्ता हा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, शॉर्ट होतं ते लिंबू नव्हतं, लाइम होतं. दुरुस्ती करायला सांगितलीय.