सांताच्या आधीचा संत निकोलस तुम्हाला कुठे भेटला?

लाल टोपीवाला सांता सगळ्यांनाच माहितीये, पण त्याच्या मागचा खरा माणूस म्हणजे चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप निकोलस, त्याच्याशी कुणाची गाठ पडलीये का? प्रवासात, चर्चमध्ये, मुलांच्या शाळेत, कुठेही चालेल, लिहा. मीच सुरू करते. जर्मनीतला आमचा पहिलाच डिसेंबर, लेकीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली की ५ तारखेच्या रात्री बूट पुसून दाराबाहेर ठेवा. मला वाटलं स्वच्छता मोहीम असेल, ठेवले आणि झोपले. सकाळी बघते तर बुटात अक्रोड, संत्री, चॉकलेट! शेजारच्या आजींची कृपा, नाहीतर पोरगी रडलीच असती. आपल्याला ६ डिसेंबर म्हटलं की चैत्यभूमी आठवते, तीच या संताचीही पुण्यतिथी हे तेव्हा कळलं.

---

मी वसईची. आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात गोष्ट सांगायचे, एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं अडलेली, बाप त्यांना वाईट धंद्याला लावायच्या बेतात, आणि निकोलस रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली टाकून जातो, असं तिघींसाठी. मी फादरना विचारलं, हुंडा भरण्यापेक्षा बंद का नाही केला त्याने? फादर हसले फक्त. मला अजून उत्तर हवंय.

---

मर्चंट नेव्हीत आहे. निकोलस आम्हा खलाशांचा संत, ग्रीक कॅप्टन होता तेव्हा जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) त्याची तसबीर असायचीच. इटलीत बारीला जहाज लागलं तेव्हा जुन्या गावातल्या बॅसिलिकात जाऊन आलो, खाली तळघरात कबर आहे, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघेही तिथे प्रार्थना करतात. आता ही हाडं तुर्कस्तानातून इटलीत आली कशी, तर १०८७ मध्ये बारीच्या खलाशांनी सरळ पळवून आणली, म्हणजे आमच्याच धंद्यातली मंडळी! राहिलेले तुकडे पुढे व्हेनिसवाल्यांनी नेले. कबरीत पाणी जमतं, त्याला मान्ना म्हणतात, ते दरवर्षी ९ मेला काढतात.

---

वरच्यांनी भरलेली कबर पाहिली, मी रिकामी पाहिलीये :) मायरा म्हणजे आताचं देम्रे, अंताल्याकडून बसने गेलो. नदीच्या गाळाने जुनं गाव पुरलं गेलं त्यामुळे चर्च आता खड्ड्यात आहे, पायऱ्या उतरून जायचं. आत एक फुटकी संगमरवरी शवपेटी आणि तिच्यासमोर रडणाऱ्या रशियन बायका. मी ख्रिश्चन नाही पण तिथून हलावंसं वाटेना. जवळच कड्यात कोरलेल्या थडग्यांच्या रांगा आहेत, बघून आपली लेणीच आठवतात. आणि हो, ३२५ च्या निकियाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या बैठकीत, त्याने वेगळं मत मांडणाऱ्या एरियसच्या भर सभेत थोबाडीत मारली ही गोष्ट फिरते ना, ती हजारेक वर्षांनंतरची आहे. गाइडने मात्र रंगवून सांगितली.

---

नेदरलँड्समध्ये तो सिंटरक्लास. नोव्हेंबरात बोटीतून येतो, बिशपची उंच टोपी, हातात दंड, पांढरा घोडा. सोबतचे पीट, म्हणजे त्याचे मदतनीस, तोंडाला काळं फासायचे, हे वर्णद्वेषी आहे की नाही त्यावरून ऑफिसात आमचं कडाक्याचं वाजलंय, आता बऱ्याच ठिकाणी नुसते काजळीचे पट्टे असतात. घरी मुलगा घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतो. ते अर्धं कुरतडून ठेवायचं काम माझं, रात्री अकरा वाजता, ब्रश केल्यावर.