काळ्या रानात मेटल डिटेक्टर सारखाच वाजतोय, सेटिंग कशी करावी?

औसेकर:
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमचं वावर आहे, भारी काळी जमीन. सोयाबीन काढताना आईच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला आणि सोन्याच्या दोन्ही वाट्या रानात पडल्या. काळे मणी बनीम (कापलेल्या सोयाबीनच्या पेंढ्यांचा ढीग) लावली होती त्याच्या अलीकडंच घावले, म्हणजे जागा साधारण माहीत आहे. मित्राचा हातातला मेटल डिटेक्टर आणलाय. पण चकती जमिनीजवळ नेली की आवाज सुरूच. सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवली तरी तेच. 'डिस्क' नावाचं बटण अर्ध्यावर नेलं की मशीन गप्प, पण मग आईचा कानातला डूल खाली ठेवला तरी गप्पच! हरभऱ्यासाठी रोटा मारायचा थांबवलाय. वडील म्हणतात वाफसा जाईल, म्हणजे पेरणीजोगी ओल राहणार नाही. आई काही बोलत नाही, पण सकाळी उठून तिथं जाते आणि ढेकळं फोडून बघते. लवकर सांगा कुणीतरी.

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, अंबाजोगाई:
भाऊ, आधी रोटा थांबवला हे फार चांगलं केलं. एकदा रोटा फिरला की वाटी कुठल्या कुठं जाईल.

मशीन बिघडलेलं नाही. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. त्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात, चकतीला तेही कळतात. सेन्सिटिव्हिटी वाढवली की मातीचा आवाजही तितकाच वाढतो. म्हणून ती निम्म्याच्या खाली आणा. मशीन शांत झालं की मग जरा जरा वाढवा, परत कुरकुरायला लागलं की एक घर मागं.

डिस्क पूर्ण शून्यावर ठेवा. ते बटण लोखंड वगळायला असतं, पण बारीक सोन्याचा सिग्नल लोखंडाच्या अगदी लागून येतो, म्हणून तुमचा डूलही त्यात गेला. औषधाच्या बाटलीचं झाकणाखालचं चांदीसारखं सील असतं ना, ते आणि सोनं या मशीनला जवळजवळ सारखंच वाटतं. तुमची जागा थोडी आहे, तेव्हा जे वाजेल ते उकरायचं. खिळा निघो, सील निघो, उकरायचं.

आता खरं काम ग्राउंड बॅलन्सचं. कुठलाही धातू नाही अशी हातभर जागा बघा. चकती जमिनीपासून दोन बोटांवर न्या, मग फूटभर वर उचला, परत खाली. खाली येताना आवाज वाढत असेल तर बॅलन्सचं बटण थोडं फिरवा. त्यानं आणखी वाढला तर उलटीकडं फिरवा. वर-खाली करताना आवाज एकसारखा राहिला की मातीचा हिशोब वजा झाला. काळ्यातून मुरमाड पट्ट्यात गेलात तर परत करा, तिथली माती वेगळी.

मग तो डूल प्लास्टिकच्या डबीत घालून, डबीला दोरा बांधून चार बोटं खोल पुरा आणि बघा. हवेत धरून केलेल्या तपासणीवर जाऊ नका, हवेत सगळंच वाजतं. आणखी एक, धसकटं हातानं उपटून घ्या. त्यांच्यामुळं चकती वीतभर वर राहते आणि एवढ्या बारीक सोन्याला ती वीतच फार होते. लहान चकती मिळाली तर उत्तम. सुतळीनं पट्टे आखा, हळू फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे.

मोटार रिवाइंडिंग, परभणी:
वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर. विहिरीवरची मोटार चालू असताना शोधू नका, डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि तारांपासूनही लांब राहा, नाहीतर मशीन उगाच चरचरतं. मोबाइल खिशात नको. उकरायचं खुरपं चकतीपासून लांब ठेवा, हातातलं कडंही काढा.

तेरणाकाठ, धाराशिव:
तुमच्या वाट्या घरच्याच, त्याचा प्रश्न नाही. पण आमच्या तेरसारख्या सातवाहनकालीन गावाच्या आसपास कुणी मशीन घेऊन जुनं शोधायला निघत असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणी, मणी बघितले की माझा जीव खालीवर होतो, जागेवरून हलवलेल्या वस्तूची निम्मी माहिती तिथंच राहते.

औसेकर:
दादा, एक वाटी सापडली! बॅलन्स करायला बराच वेळ गेला, पण नंतर आवाज एकदम साफ आला. तीन बोटं खाली, ढेकळाच्या पोटात बसली होती. आईनं पदरानं पुसून लगेच देवापुढं ठेवली. दुसरी मात्र लागत नाही.

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, अंबाजोगाई:
वा! माउलीला माझा नमस्कार सांगा. दुसरी कडेवर उभी असेल तर सिग्नल फार बारीक येतो. त्याच पट्ट्यांवर आता आडवं चालून बघा. तिथं नसेल तर पेंढीबरोबर बनीमीत गेली असं धरा. मळणीयंत्र जिथं उभं होतं तिथं चाळणीखाली पडलेली माती ताडपत्रीवर पातळ पसरा आणि तिच्यावरून चकती फिरवा. मग गुळी, म्हणजे मळणीचा भुसा, तशीच बघा. सोयाबीन विकलं का घरात आहे?

औसेकर:
घरातच आहे दादा, भाव नाही म्हणून ठेवलंय.

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, अंबाजोगाई:
मग पोत्यावरून मशीन फिरवू नका, आतलं कळणार नाही. एकेक पोतं अंगणात ओता, चार बोटांचा थर करा. फरशीवर नको, खाली लोखंडी सळया असू शकतात.