प्रतिसाद: आयपीए एवढी गार पिऊ नका
वर कोणीतरी लिहिलंय की आयपीए (इंडिया पेल एल, कडवट बिअरचा एक प्रकार) म्हणजे पैसे मोजून प्यायचा कडू काढा, वाचून हसलो कारण पहिल्या ग्लासला माझंही तेच मत होतं. पण राव, बर्फाळ पिऊ नका. परवा अंधेरीत ग्लास आला तो इतका गार की वास शून्य, दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग नाक घातलं तर संत्रं सोलताना बोटांना लागतो ना तो वास, मागून पिकलेला आंबा. ही सगळी हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधल्या, तेलांची करामत, उकळून गार केलेलं मिश्रण आंबताना किंवा आंबून झाल्यावर परत हॉप्स टाकतात, ड्राय हॉपिंग म्हणतात त्याला, त्यामुळे कडूपणा फार न वाढता वास चढतो. पिताना गारवा 8-10 डिग्री सेल्सियस बास. आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) 60 बघून पण घाबरू नका, मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा तगडा असला की जीभ कुरकुरत नाही, मात्र गिळल्यावर कडूपणा घशात खरवडत बसला तर गडबड आहे. आणि कॅनवरची तारीख बघाच, ही मुरवायची बिअर नाही. मागे एका दुकानातून आणलेला कॅन चक्क ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला, आपल्या उकाड्यात पडून असणार बहुतेक. सोबत बोंबील फ्राय, तिखट जरा बेतानं, कारण हॉप्सने ते अजून झोंबतं.