एम८२ मधल्या तारकागुच्छांचं वय नक्की काढतात कसं?

धूमकेतू:
प्रश्न बाळबोध वाटेल, हसू नका. सप्तर्षींतल्या एम८२ दीर्घिकेबद्दल वाचत होतो, तिथे ए१ नावाच्या क्लस्टरचं (तारकागुच्छाचं) वय साधारण ६० लाख वर्षं आणि एफचं ५-६ कोटी असं बिनधास्त ठोकून दिलंय. कृत्तिकांचं समजतं, तारे सुटे सुटे दिसतात, आलेख काढला की किती जड तारे संपलेत ते कळतं. पण एम८२ पडली १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, हबलला पण अख्खा क्लस्टर म्हणजे एक इवलासा पुंजका. त्याचं वय कसं सांगतात राव?

निशाचर:
तारे सुटे दिसत नाहीत ना, मग सगळ्यांचा मिळून वर्णपट घ्यायचा. सगळे तारे एकदमच जन्मले असं धरून स्टारबर्स्ट९९ सारखं संगणकी मॉडेल चालवतात आणि कुठल्या वयाला वर्णपट जुळतो ते बघतात. सगळ्यात कामाची खूण म्हणजे एच-अल्फा, चमकत्या हायड्रोजनची वर्णपटातली लाल रेषा. ओ टाइपचे, म्हणजे अतितप्त, जड तारे अतिनील प्रकाशाचा नुसता मारा करतात, त्याने आजूबाजूचा हायड्रोजन चमकतो, पण हे तारे महाउधळे, सगळ्यात जड असतात ते ३०-४० लाख वर्षांतच उडायला लागतात आणि १ कोटी वर्षांपर्यंत ती रेषा जवळपास संपते. म्हणून रेषा ताऱ्यांच्या मूळ उजेडाच्या मानाने किती जोरदार आहे ते मोजायचं.

कोकणकडा:
+१, आणि गुणोत्तर मोजायचं कारण धूळ. एम८२ मध्ये धूळ इतकी की क्लस्टर लाल दिसला तरी म्हातारा आहे का धुळीआड लपलेला तरणाबांड, नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. गुणोत्तरात धूळ दोन्हीकडून सारखीच कापली जाते. म्हणजे वायू आणि तारे एकाच पडद्याआड असतील तर, हां.

धूमकेतू:
पण वायूच उडून गेला असेल तर? तारे तरुण पण रेषा नाही, असं नाही का होणार?

निशाचर:
बरोब्बर पकडलंस. ताऱ्यांचे वारे आणि सुपरनोव्हा वायू झाडून काढतात, त्यामुळे रेषा नाही म्हणजे म्हातारा असं लगेच म्हणायचं नाही, दुसरे साक्षीदार लागतात. वुल्फ-रायेट (बाहेरचे थर उडवून टाकलेल्या जड) ताऱ्यांची हेलियमची रुंद रेषा दिसली की वय ३०-५० लाखांच्या आसपास. इन्फ्रारेडमध्ये २.३ मायक्रॉनला कार्बन मोनॉक्साइडचे ठळक पट्टे म्हणजे रेड सुपरजायंट (फुगून लाल झालेले जड तारे) आलेत, अंदाजे ७०-८० लाखांच्या पुढे. ए१ भोवती चमकता वायू अजून आहे. एफमध्ये उलट हायड्रोजनच्या काळ्या शोषण रेषा ठळक आहेत, म्हणून तो कोटींच्या घरात.

कोकणकडा:
लहान क्लस्टरला मात्र यातलं काही धड लागू होत नाही. दोन-चार हजार सूर्यांइतकंच वस्तुमान असेल तर एखादाच रेड सुपरजायंट अख्ख्या क्लस्टरचा रंग बदलून टाकतो आणि वय पार भलतंच निघतं. ए१, एफ लाखो सूर्यांचे आहेत म्हणून निभावतं.

धूमकेतू:
आत्ता टोटल लागली, धन्यवाद दोघांना. माझ्या ८ इंची दुर्बिणीतून एम८२ म्हणजे फक्त एक राखाडी रेघ दिसते, त्यात कसला ए१ आणि कसला एफ 😄