स्नेहसंमेलनात बक्षीस वितरण फार लांबतं, क्रम कसा लावावा?

आठवी ते दहावीची मिळून दीडशे बक्षिसं आहेत. शेवटी शेवटी तर पालक उठून जातात.

उत्तर १: स्पर्धावार नको, वर्गवार पुकारा. चार स्पर्धा जिंकलेल्या मुलीला चारदा मंचावर यावं लागत नाही, सगळी बक्षिसं एकदम देता येतात. पुढची पाच मुलं पायरीपाशी उभी हवीत. एका बाजूने चढायचं, दुसरीकडून उतरायचं.

उत्तर २: खरा घोळ प्रमाणपत्रांचा. नावं जनरल रजिस्टरवरूनच, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीवरूनच उतरवा. मुलाच्या नावात चूक म्हणजे बक्षिसाचा आनंदच गेला. निवेदकाची यादी आणि टेबलावरचा गठ्ठा एकाच अनुक्रमांकाने लावा. गैरहजर मुलाचं प्रमाणपत्र लगेच बाजूला काढा, नाहीतर पुढची सगळी एकेकाने सरकतात.

उत्तर ३: नाच-नाटकांआधीच उरका. रंगभूषेला बसणाऱ्या मुलांचे वर्ग पहिले घ्या.