शब्दचर्चा : ‘क्षेम देऊ गेले’ म्हणजे नेमकं काय द्यायला गेली?

मालवण
ज्ञानदेवांचा ‘पांडुरंगकांती’ हा अभंग गणपतीत भजनाला घेतात. बहुतेकांच्या कानात आशा भोसले यांनी गायलेली हृदयनाथ मंगेशकरांची चाल असते. चाल बसते, अर्थ बसत नाही. ‘क्षेम देऊ गेले तव मीचि मी एकली’ यातल्या क्षेमचा अर्थ कुणी खुशाली लावतं, कुणी क्षमा. कवी पुरुष, मग ‘गेले’, ‘एकली’ कसं? आणि हे मुळात प्रेमगीतच आहे, विठ्ठल नावापुरता, असं म्हणणारेही आहेत. जाणकारांनी उलगडावं.

राजापूर
क्षेम म्हणजे आलिंगन. जुन्या मराठीत ‘क्षेम देणे’ म्हणजे मिठी मारणे. आज हा शब्द क्षेमकुशल आणि योगक्षेम या जोड्यांत उरला, म्हणून खुशाली आठवते. क्षमेचा इथे काही संबंध नाही. हस्तलिखित वहीत एक मात्रा सरकली नि काना गळला की ‘क्षेमालागी’चं ‘क्षमेलागी’ होतं आणि मिठीसाठी उतावीळ झालेली बाई माफी मागायला निघते. आधीची ओळ बघा: ‘क्षेमालागी मन उतावीळ माझे, म्हणउनी स्फुरताती बाहो’. बाहू फुरफुरतात ते माफीसाठी कशाला फुरफुरतील? शकुनात एकच बाहू स्फुरतो, बाईचा डावा. इथे क्रियापद अनेकवचनी आहे. म्हणजे हा शकुन नव्हे, दोन्ही हात पसरायच्या बेतात आहेत.

‘गेले’चं उत्तर सोपं. ही विरहिणी आहे, म्हणजे विरहातल्या बाईच्या तोंडचं गाणं. या प्रकारात बोलणारी बाईच असते, लिहिणारा कुणीही असो. पुरुष बुवांनी ‘गेलो’, ‘एकला’ असा बदल करू नये. तेवढ्याने अख्खी रचना कोसळते.

वेंगुर्ले
‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ याबद्दल. कानडो म्हणजे कर्नाटकातलो, इतक्यावर थांबू नका. जुन्या मराठीत कानडा म्हणजे न कळणारा, अगम्य असाही अर्थ आहे. कर्नाटकु फोडला की कर-नाटकु, नाटकं करणारा. दोन्ही अर्थ एकदम चालू ठेवायचे, एक निवडायचा नाही.

खरी गंमत पुढच्या ओळीत आहे: ‘खोळ बुंथी घेऊनि खुणाची पालवी, आळविल्या नेदी सादु’. खोळ आपल्याकडे कुणाला समजावायला नको. लावणीच्या दिवसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतात, तीच. बुंथीही तसलंच पांघरूण, डोक्यावरून ओढलेलं. खोळ घेतलेला माणूस मळ्याच्या पलीकडून दिसतो, पण ओळखू येत नाही. तोंड दिसत नाही, पावसात हाक पोचत नाही, हात हलताना तेवढा दिसतो.

आणि ‘पालवी’ म्हणजे आंब्याची कोवळी पानं नव्हेत! पालवणे म्हणजे हाताने किंवा पदराने खुणावून बोलावणे. इथे पालवी हे क्रियापद आहे : खुणेने पालवतो. छापील पुस्तिकांत याचा अर्थ ‘खुणांचा बहर’ वगैरे दिला असेल तर खोडा. आळवलं तर साद देत नाही, पण खुणावतो मात्र. म्हणूनच पुढे ‘शब्देविण संवादु, दुजेविण अनुवादु’ येतं. ते सुटं सुभाषित नाही, या खुणावण्याचंच वर्णन आहे.

देवगड
अर्थ पटले. पण प्रत्येक सजण, साजणी, सखा आला की लगेच जीव-शिव काढणं हाही रोगच आहे. गौळणीतली दह्याची मडकी फुटली की ती मडकीच असू द्यावीत.

राजापूर
म्हणून गौळण आणि विरहिणी वेगळ्या ओळखाव्यात. गौळणीत प्रसंग असतो : मथुरेचा बाजार, डोईवर दूधदही, वाटेत अडवणारा कान्हा, मग यशोदेकडे गाऱ्हाणं. नमन-खेळे आणि शक्ती-तुरा या कोकणातल्या लोककलांत गणानंतर, म्हणजे गणपतीच्या स्तवनानंतर, येते ती ही. तिथे छेडछाड, हशा, सवाल सगळं चालतं. विरहिणीत बाहेर फारसं काही घडत नाही. कावळा कोकतो, बाहू स्फुरतो, कुणीतरी खुणावतं.

प्रेमगीत म्हणणाऱ्यांसाठी एक साधी परीक्षा. विठ्ठलाच्या जागी माणूस ठेवा आणि ओळ कुठे मोडते ते बघा. ‘येणे मज लावियेला वेधु’ या ओळीपर्यंत काही मोडत नाही. ‘पाया पडू गेले तव पाऊलचि न दिसे, उभाचि स्वयंभु असे’ इथे मोडते. पाऊल नसलेला प्रियकर कुठला? ‘समोर की पाठिमोरा न कळे’ इथे पुन्हा. ज्ञानदेवांची नाममुद्रा ‘बापरखुमादेवीवरु’ हीसुद्धा बघा, बाप आणि वर एकाच शब्दात. वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळलं की ही मुद्राच जाते, आणि मग गाणं प्रेमगीतासारखं वाटलं तर दोष कुणाचा?

सावंतवाडी
‘येणे मज लावियेला वेधु’ : वेध लागणे आणि वेध लावणे यांत फरक आहे. ‘मला वेध लागले’ यात करणारा दिसत नाही. ‘येणे लावियेला’ म्हणजे याने लावला, कर्ता तो. ओढ तिची असली तरी सुरुवात त्याची. ग्रहणाचे वेध आठवा. सूर्यग्रहणाला चार प्रहर, चंद्रग्रहणाला तीन प्रहर आधीच ते सुरू होतात. अजून काही आलेलं नसतं, पण त्याचे नियम लागू झालेले असतात.

असाच फसवा शब्द पिसे. संतांच्या ओळीत ‘पिसे लागले’ आलं की वाचणाऱ्याला पक्ष्याची पिसं दिसतात. दोडामार्ग ओलांडून गोव्यात गेलात की पिसो म्हणजे वेडा आणि पिशें म्हणजे वेड, रोजच्या बोलण्यात. तसाच तिथला मोग, म्हणजे प्रेम. मांडो या गोव्यातल्या गीतप्रकारातल्या प्रेमिकांचाही मोग आणि चर्चमधला ‘देवाचो मोग’ही तोच. एकच शब्द दोन्हीकडे राबतो, गोंधळ कुणाचा होत नाही, कारण ‘देवाचो’ पुढे असतं.

मालवण
‘मीचि मी एकली’ अजून अडतं. मिठी मारायला गेली, कुणीच नव्हतं, एकटी पडली. हे रडणंच झालं ना?

राजापूर
नाही. त्याला धरायला गेली आणि हाती लागली ती आपणच. दुसरं कुणी उरलंच नाही, ते एकली. एकाकी वेगळं. आता ‘दुजेविण अनुवादु’ परत वाचा, दुसऱ्यावाचून म्हणजे काय ते इथे कळतं.

गाताना चूक श्वासात होते. ‘मीचि मी’वर थांबून ‘एकली’ लांबवली की विलाप होतो. ‘तव’नंतर श्वास घ्या, ‘मीचि मी एकली’ एका दमात. दुसरी चूक कोरसची. बुवा पूर्ण ओळ म्हणतात आणि मागचे नुसतं ‘क्षेम देऊ गेले’ झेलत राहतात, लय वाढते, टाळ्याही पडतात आणि ती बाई शेवटपर्यंत जायलाच निघालेली असते, पोचत नाही. कोरसला ‘एकली’पर्यंतची ओळ द्या.

वेंगुर्ले
आणि वहीत ‘पालवी’खाली पेन्सिलीने ‘बोलावता’ लिहून ठेवा.